तोडणीआधी युरिया टाकू नका

आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "एकरी 15 गोण्या युरिया टाका, ऊस जाड आणि गोड होतो. तोडणीच्या महिनाभर आधी शेवटचा हप्ता द्या, वजन वाढतं. पोटॅश म्हणजे नुसतं मीठ, त्यात पैसे घालू नका." मी भांडुपला राहतो, वाळव्याकडची शेती चुलतभाऊ बघतो. काल त्याचा फोन, "दादा, गोण्या आणल्यात, उद्या टाकतो." ऊस महिनाभरात तुटायचा आहे!

तोडणीआधीचा युरिया हा यातला सगळ्यात घातक सल्ला. ऊस पक्व होताना त्याची वाढ मंदावते आणि पानांत तयार झालेली साखर कांड्यांत साठते. नेमकं तेव्हाच नत्र (युरियातला नायट्रोजन) आणि पाणी दिलं की ऊस पुन्हा वाढीला लागतो. शेंडा हिरवागार, बुडातून पाणकोंब (उशिरा फुटणारे कोवळे फुटवे), आणि साठलेली साखर त्या वाढीवर खर्च. वजन वाढलंच तर पाण्याचं. हँड रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे रसातली साखर मोजायच्या हातातल्या यंत्राने, बुडख्याचा आणि शेंड्याकडच्या कांड्याचा रस तपासा. पक्व उसात दोन्हीकडचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, जवळपास सारखा येतो; उशिरा युरिया दिलेल्या उसात शेंडा मागेच राहतो. "पण पैसे वजनावरच मिळतात ना?" भाऊ म्हणाला. मिळतात, पण टनाचा दर कारखान्याच्या उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर ठरतो. एफआरपीचा (सरकारने ठरवलेल्या किमान दराचा) हिशेब 10.25 टक्के उतारा धरूनच सुरू होतो. गावच्या गाव असं करू लागलं तर दर सगळ्यांचाच पडेल.

आता त्या 15 गोण्या. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीडेक वर्षाच्या) उसासाठी शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, 170 स्फुरद (फॉस्फरस), 170 पालाश (पोटॅश) अशी आहे. एकरी झालं 160 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के, गोणी 45 किलोची. सगळं नत्र युरियातूनच दिलं तरी पावणेआठ गोण्या पुरतात! त्याही हप्त्याहप्त्याने, आणि शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची मोठी भर लावताना. त्यापुढे नाही. दुप्पट नत्र दिलेला ऊस लुसलुशीत होतो, लोळतो, किडीला बळी पडतो. गोडी तर घटतेच.

पोटॅशबद्दल एक मान्य करावं लागेल. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळात बरं असतं, म्हणून पोटॅशचा फरक युरियासारखा डोळ्यांना दिसत नाही. माती परीक्षणात भरपूर निघालं तर मात्रा कमीही करता येते. पण पानातली साखर कांड्यात पोहोचते ती पालाशाच्या जोरावर, आणि पाण्याचा ताण पडला तर पीक तग धरतं तेही त्याच्यामुळे. ऊस जमिनीतून पालाश नत्रापेक्षाही जास्त उचलतो. वर्षानुवर्षं नुसता युरिया टाकून ती शिल्लक किती दिवस पुरणार?

भावाला सांगितलंय, गोण्या कोरड्या जागी ठेव. ऊस गेला की 15 दिवसांच्या आत खोडव्याला (तोडलेल्या बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला) पहिला हप्ता पहारीने भोकं पाडून दे, पालाशासकट.