पहिला गेम जॅममध्येच बनवा

"आधी नीट शिकतो, मग स्वतःचा गेम करायला घेतो" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा गेम कधीच होत नाही. ऐकायला कडू वाटेल, पण माझ्या तरी बघण्यात हेच आलंय. गेम बनवायला युनिटी हे सॉफ्टवेअर घ्यावं की गोडो यावर वाद घालून होतात, ट्युटोरियलच्या अख्ख्या प्लेलिस्ट बघून होतात, वहीत एका अवाढव्य गेमचा आराखडा तयार असतो: खुलं जग, बदलतं हवामान, ऑनलाइन एकत्र खेळणारे दहाजण. आणि कॉम्प्युटरवर काय असतं? डावी-उजवीकडे चालणारं आणि उडी मारणारं एक पात्र. त्यापुढे काही नाही.

अशांना माझं सांगणं एकच. येत्या महिन्याभरातला एखादा गेम जॅम शोधा आणि नाव नोंदवून टाका. तयारी झालेली नसतानाच नोंदवा, कारण ती "झाली" असं कधी वाटतच नाही.

जॅम हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेळ ठरलेली असते, बहुतेकदा ४८ किंवा ७२ तास, कधी आठवडाभर. सुरुवातीला एक थीम जाहीर होते आणि मुदतीच्या आत त्या थीमवर गेम करून सगळ्यांना खेळायला द्यायचा असतो. लुडम डेअर २००२ पासून आहे, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून. इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर तर कधीही गेलात तरी कुठला ना कुठला जॅम चालूच असतो. बक्षीस बहुतेक ठिकाणी नसतं. ते बरंच आहे, हरण्याची भीती उरत नाही.

आता मुद्दा असा की ट्युटोरियलमधून जे शिकायला मिळत नाही तेच जॅम शिकवतो: गेम संपवणं. पात्र चालवायला कोणीही शिकवतं. पण खेळणारा हरल्यावर पुढे काय? परत सुरू कसं करायचं? जिंकलो हे कळणार कसं? आवाज बंद करायचं बटण कुठे आहे? सुरुवातीला काय दाबायचं हे कोण सांगणार? ही सगळी कंटाळवाणी कामं झाल्याशिवाय तुमच्याकडे गेम नसतो, डेमो असतो. घरच्या प्रोजेक्टमध्ये ती पुढे ढकलता येतात, वर्षभरही. जॅममध्ये रविवारी रात्री मुदत संपते.

जॅममधून जन्मलेल्या प्रसिद्ध गेमांची उदाहरणं सगळेच देतात. मीही देतो, पण वेगळ्या कारणासाठी. 'सुपरहॉट' २०१३ साली सात दिवसांच्या एका जॅममध्ये बनला. नियम एवढाच की तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकते. 'बाबा इज यू' २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममधला. त्यात गेमचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलून तुम्ही नियम बदलता. 'सेलेस्ट'ची पहिली आवृत्ती दोघांनी पिको-८ वर (छोटे, जुन्या धाटणीचे गेम करायचं सॉफ्टवेअर) चार दिवसांत केली होती. यातून "आपणही दोन दिवसांत हिट गेम करू" असा अर्थ काढू नका. ही माणसं त्याआधी कितीतरी गेम करून बसली होती, आणि जॅमनंतरही 'सुपरहॉट' विक्रीला यायला २०१६ उजाडलं, 'बाबा'ला २०१९. बघायचं ते हे की मूळ कल्पना किती लहान होती. एका वाक्यात सांगता येते, आणि ते वाक्य खेळणाऱ्याच्या कृतीबद्दल असतं. कथेबद्दल किंवा जगाबद्दल नसतं.

कल्पना शोधताना 'टायटन सोल्स' जरूर आठवा. तो ज्यात जन्मला त्या डिसेंबर २०१३ च्या लुडम डेअरची थीम होती "तुम्हाला एकच मिळेल". अशा थीमवर एक जीव, एक गोळी, एक संधी हे पटकन सुचतं. या गेममध्येही एकच बाण आहे. पण तो मारला की परत मिळवावा लागतो, आणि दुरून परत बोलवायचा तर एका जागी उभं राहावं लागतं, समोर राक्षस असताना! थीमचा सरळ अर्थच घेतलाय, फक्त "मग पुढे काय?" हा प्रश्न आणखी एकदा विचारलाय. थीमचा कोणालाच न सुचलेला अर्थ शोधत शनिवार घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वेळेचं गणित. ४८ तासांचा जॅम असेल तर पहिल्याच रात्री रंगीत चौकोनांचा का होईना, खेळता येईल असा काहीतरी ऐवज हवा. चित्रं नकोत, मेनू नको. त्या चौकोनांशी खेळताना मजा येत नसेल तर चित्रं काढून ती येणार नाही, कल्पना बदला. पहिला दिवस संपताना गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळता आला पाहिजे, मग तो एका मिनिटाचा असला तरी चालेल. दुसरा दिवस आवाज, हालचालीतला जिवंतपणा आणि अवघडपणा कमी करणं यासाठी ठेवा. हो, कमीच करणं. स्वतःचा गेम तुम्ही त्या दोन दिवसांत इतक्यांदा खेळलेला असता की तुम्हाला "ठीक" वाटणारी लेव्हल नवख्याला अशक्य असते.

आणि रात्रभर जागण्याचं जे कौतुक चालतं ते मला अजिबात पटत नाही. पहाटे तीनला लिहिलेला कोड सकाळी दहाला खोडावा लागतो. झोपा.

अपलोडबद्दल जरा सविस्तर, कारण पहिल्यांदा उतरणारे इथेच गटांगळ्या खातात. गेम ब्राउझरमध्ये चालेल असाच करा. अनोळखी माणसाची फाइल डाउनलोड करून चालवायला लोक कचरतात, लिंकवर क्लिक मात्र करतात. वेब बिल्ड, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती, शेवटच्या तासासाठी ठेवू नका. पहिल्याच दिवशी रिकामा प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून पान तयार करा आणि तो चालतोय ना ते बघा. खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय किंवा बटण दाबल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज वाजू देत नाही, म्हणून "सुरू करण्यासाठी क्लिक करा" असा एक पडदा ठेवाच. आणि जावास्क्रिप्टमध्ये हाताने गेम लिहिणाऱ्यांनो, फाइलच्या नावातली इंग्रजी कॅपिटल आणि लहान अक्षरं कोडमधल्या नावाशी तंतोतंत जुळवा. विंडोजवर खपून जाणारी गडबड सर्व्हरवर खपत नाही, चित्रं गायब होतात.

चित्रकला येत नाही, संगीत येत नाही, ही सबब चालणार नाही. केनीच्या साइटवर कोणीही वापरावीत अशी हजारो चित्रं मोफत पडली आहेत. उडी, स्फोट, नाणं असले आवाज करायला एसएफएक्सआर हे सॉफ्टवेअर आहे, आणि ते मुळात २००७ मध्ये लुडम डेअरमध्ये भाग घेणाऱ्यांसाठीच बनवलं गेलं. फक्त नियम वाचा. लुडम डेअरच्या ४८ तासांच्या 'कॉम्पो' विभागात सगळं एकट्याने आणि त्याच वेळात केलेलं लागतं, ७२ तासांच्या 'जॅम' विभागात टीम आणि तयार सामग्री चालते. कोडिंगच येत नसेल तर ट्वाइन (वाचत वाचत पर्याय निवडायच्या गोष्टींसाठी) किंवा बिट्सी (छोट्या चित्रांच्या गेमसाठी) उघडा. लिहिणाऱ्यांनी तर तिथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन.

"जॅममुळे घाणेरड्या कोडची सवय लागते" हा आक्षेप नेहमी येतो. लागते थोडी. पण पहिल्या गेमचा कोड तसाही कोणी जपून ठेवत नाही, आणि तो टाकून द्यायचाय हे आधीच माहीत असलं की हात मोकळा होतो. मला खरी मर्यादा दुसरीच वाटते. जॅम सुरुवात आणि शेवट शिकवतो, मधली लांबलचक वाट शिकवत नाही. सेव्ह सिस्टीम, पन्नास लेव्हलींचा समतोल, चार महिन्यांनी कंटाळा आल्यावरही काम करत राहणं, हे तिथे येत नाही. वर्षानुवर्षं फक्त जॅम करत राहणारे लोक आहेत. मजेत आहेत, पण मोठा गेम हवा असेल तर कधीतरी बाहेर पडावं लागतं.

आणि गेम सबमिट करून लगेच गायब होऊ नका. नवखे हमखास होतात. मुदत संपल्यावर बऱ्याच जॅममध्ये रेटिंगचा काळ असतो, आणि माझ्या मते जॅमचा निम्मा फायदा तिथेच आहे. लुडम डेअरमध्ये क्रमवारीत यायलाच किमान २० रेटिंग लागतात, आणि ती मिळतात दुसऱ्यांचे गेम खेळून मत दिल्यावर. त्याच थीमवर इतरांनी काय केलं, तुम्हाला जमलं नाही ते त्यांनी कुठल्या युक्तीने टाळलं, हे थकवा ताजा असताना जसं दिसतं तसं एरवी दिसत नाही. कॉमेंट करताना "छान गेम" एवढंच टाकून पुढे जाऊ नका. कुठे अडकलात, काय समजलं नाही, किती वेळ खेळलात ते लिहा. तुमच्या गेमखाली "उडी कशी मारायची?" असं तिघांनी विचारलं असेल तर वाद घालू नका, सूचना दिसत नाहीये.

पहिल्यांदा कुठे उतरावं? जीएमटीके (गेम मेकर्स टूलकिट या यूट्यूब चॅनेलचा जॅम) यासारख्या जॅममध्ये हजारो गेम येतात, वातावरण भन्नाट असतं, पण तुमचा गेम त्या गर्दीत हरवतो. सुरुवातीला छोटा बघा. गोडो वापरत असाल तर गोडो वाइल्ड जॅम दर महिन्याला असतो, नऊ दिवसांचा, त्यामुळे नोकरी किंवा कॉलेज सांभाळून जमतो. जावास्क्रिप्ट येत असेल आणि किडा जरा जास्तच असेल तर १३ ऑगस्टला सुरू होणारा जेएस-१३-के आहे, ज्यात अख्खा गेम १३ केबीत बसवायचा असतो. पण तो पहिला नको, तिसरा-चौथा असू दे.

कोणी आधीच एखादा गेम टाकला असेल तर लिंक खाली कॉमेंटमध्ये द्या. अर्धवट, बगांनी भरलेला असला तरी चालेल. खेळून कुठे अडकलो ते लिहितो.