‘वाफ शुद्धच असते’ हे खरं नाही

‘बॉयलरमधून निघालेली वाफ म्हणजे उकळून शुद्ध झालेलं पाणी, क्षार मागेच राहतात. टर्बाइनच्या शेवटी थोडे थेंब झाले तरी ते धुक्यासारखे बारीक, त्यांनी काही बिघडत नाही. उलट वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता फुकटात मिळते.’ अशा आशयाचा मजकूर सध्या खूप फिरतो आहे. वाचायला पटतो, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. वीजकेंद्रात नव्याने रुजू झालेल्यांनी तो खरा मानला तर नुकसान मोठं होईल.

क्षार मागे राहतात, पण सगळे नाही. बॉयलरच्या ड्रममधून (पाणी आणि वाफ वेगळी होते त्या टाकीतून) वाफेबरोबर पाण्याचे तुषार निसटतात आणि आपल्यातले क्षार घेऊन जातात. वाफेचं तापमान आवरण्यासाठी मारलेल्या फवाऱ्याचं पाणी तर थेट वाफेतच मिसळतं. सिलिकाला (वाळूतल्या मुख्य द्रव्याला) तुषारही लागत नाहीत. दाब जास्त असला की ती वाफेतच विरघळते, आणि दाब उतरला की टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी बसते. साध्या पाण्याने ती सहज निघत नाही. प्रमाण नगण्य वाटत असेल तर हिशेब करा: ताशी १,५०० टन वाफेत ५ पीपीबी (अब्जात ५ भाग) अशुद्धी म्हणजे ताशी साडेसात ग्रॅम, ८,००० तासांत ६० किलो. सगळी बसत नाही. पण जी बसते तिच्यामुळे पाती खडबडीत होतात आणि वाफेची वाट अरुंद होते.

फुकटच्या उष्णतेचं म्हणाल तर, झपाट्याने प्रसरण पावणारी वाफ संपृक्ततेची रेषा (जिथे वाफेचं पाणी व्हायला लागायला हवं ती सीमा) ओलांडूनही क्षणभर कोरडीच राहते, अतिथंड होते आणि मग एकदम थेंब धरते. तेव्हा सुटलेल्या उष्णतेची काम करण्याची क्षमता बरीचशी वाया जाते. टर्बाइन अभियंता बाउमान यांचा जुना ठोकताळा सांगतो की ओलावा १ टक्का वाढला की टर्बाइनच्या त्या टप्प्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने घटते.

थेंब सुरुवातीला बारीक असतात, हे मान्य. पण त्यातले काही स्थिर पात्यांवर साचून पाण्याचा पापुद्रा होतो, आणि मागच्या कडेवरून तो फाटला की कितीतरी मोठे थेंब सुटतात. हे जड थेंब वाफेचा वेग गाठू शकत नाहीत, आणि फिरत्या पात्याचं टोक सेकंदाला ५०० मीटरहून अधिक वेगाने त्यांच्यावर आदळतं. अनेक टर्बाइनांत शेवटच्या ओळीच्या पात्यांना पुढच्या कडेवर स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची पट्टी असते, ती यासाठीच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ओलावा आणि अशुद्धी हे दोन वेगळे प्रश्न मानणं. पहिले थेंब जिथे धरतात तिथे पाणी अगदी थोडं असतं, पण वाफेतलं मीठ बहुतांश त्याच पाण्यात ओढलं जातं आणि कैक पटींनी तीव्र होतं. यंत्र बंद असताना दमट हवा आत शिरली की त्या मिठाचा धातूवर बसलेला थर ओल धरतो, धातूला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून भेगा सुरू होतात. इंग्लंडमधल्या हिंकले पॉइंट ए केंद्रात १९६९ साली लो प्रेशर (कमी दाबाच्या) टर्बाइनची पाती धरणारी चकती फुटली, ती चावीच्या खाचेतल्या (चकती दांड्यावर पक्की करणारी चावी बसते त्या खाचेतल्या) ताण-क्षरणाच्या, म्हणजे ताण आणि गंज मिळून पडलेल्या, छोट्याशा भेगांमुळे.

म्हणून कंडेन्सेटची (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याची) कॅटायन कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यात क्षार शिरल्याची खूण देणारी विद्युतवाहकता, चढू लागली की ‘बघू उद्या’ म्हणू नका. कंडेन्सरची (वाफ थंड करणाऱ्या उपकरणाची) नळी गळून बाहेरचं थंड करणारं पाणी आत येतं आहे का ते त्याच पाळीत शोधा, आणि यंत्र बरेच दिवस बंद राहणार असेल तर टर्बाइनमध्ये कोरडी हवा खेळती ठेवा.