ओंडक्यावरचा शिक्का फळीपर्यंत पोचू द्या

माझा चुलतभाऊ पुण्यात फर्निचर बनवतो, मी हॅम्बुर्गमध्ये सुतारकाम करतो. फोनवर आमचं हमखास वाजतं ते सागवानावरून. त्याचं म्हणणं, "या युरोपवाल्यांनी आमचं सागवान जहाजांसाठी तोडून नेलं आणि आता आम्हालाच परवाने विचारतात." त्याचा राग खोटा नाही. पण त्या रागाआड आपण आजचा प्रश्न झाकतो, हे मला पटत नाही.

२०१३पासून युरोपीय संघात लाकूड प्रथम बाजारात आणणाऱ्याला ते कायदेशीर तोडीचं असल्याची खातरजमा करावी लागते. म्यानमारच्या सागवानाचं घोडं तिथेच अडलं. कागद तिथल्या सरकारी महामंडळापर्यंत जात आणि थांबत. झाड नेमकं कुठल्या जंगलात पडलं, ते सांगायला कुणी तयार नसे. फेब्रुवारी २०२१मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि जूनमध्ये त्या महामंडळावर युरोपीय संघाने निर्बंध घातले. युरोपही धुतल्या तांदळासारखा नाही. यॉटच्या डेकला बर्मा सागवानच हवं, असा हट्ट इथेही आहे, आणि म्यानमारचं सागवान बेकायदा आणल्याबद्दल २०२१मध्ये माझ्याच शहरातल्या न्यायालयाने एका कंपनीला जबर दंड केला. पण खटला उभा राहिला, हेही खरं.

आपल्याकडे 'बर्मा टीक' हे शब्द अजून अभिमानाने उच्चारले जातात. लष्करी बंडानंतरही ते लाकूड भारतात येतच राहिलं. भावाला विचारलं, तुझ्याकडचं बर्मा कुठून येतं? म्हणाला, "गांधीधामहून." गांधीधामजवळच्या कांडला बंदराच्या पलीकडचं त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. गिऱ्हाईक रेषा बघतं, रंग बघतं, घनफुटाचा भाव करतं.

आणि हे अशा देशात, जिथे झाडाचा माग ठेवण्याची रीत जुनी आहे. बल्लारशाच्या सरकारी लाकूड डेपोतला ओंडका आठवा. कापलेल्या तोंडावर क्रमांक, शेजारी हातोड्याने ठोकलेला वनखात्याचा शिक्का, इतका खोल की अंगठा फिरवला तर कडा लागते. सोबत वाहतूक पास. तो ओंडका आरा गिरणीत जातो, फळ्या पडतात, शिक्क्याचं तोंड ढलप्यांत जातं. वखारीत त्याच्याजवळ घाना आणि बर्माच्या फळ्या उभ्या राहतात आणि तिघांचं कूळ विक्रेत्याच्या तोंडी उरतं. वर्षानुवर्षं जपलेला माग एका दुपारच्या चिराईत संपतो.

लहान शेतकऱ्याची भीती मात्र रास्त आहे. युरोपचा नवा जंगलतोडविरोधी नियम लाकूड निघालं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश मागतो. बांधावर दहा सागवानं असलेल्या माणसाने तोडीची परवानगी, वाहतूक पास आणि वर हेही करायचं, तर तो झाड लावणंच सोडून देईल. नियम चुकला तर भांडावं, आणि पुरावा हातात असला तर भांडून उपयोगही होतो. २०१७पासून शिसमाच्या साऱ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराची बंधनं आली. उत्तर भारतात कालव्याकाठी, शेतात उदंड वाढणारं शिसमही त्यात भरडलं गेलं. आपल्या कारागिरांची बाजू भारताने लावून धरली आणि २०२२मध्ये पनामाच्या बैठकीत शिसमाच्या वस्तूंना, एकेका वस्तूतल्या लाकडाचं वजन दहा किलोपेक्षा कमी असेल तर, परवान्यातून सूट मिळाली.

म्हणून भावाकडे माझा हट्ट एवढाच: वखारीच्या बिलावर लाकडाची जात, देश आणि डेपोचा क्रमांक लिहून माग. आयात माल असेल तर आयातीच्या कागदाची प्रत. पहिल्यांदा वखारवाला हसेल, कदाचित चिडेलही. पण महिन्याला शे-दोनशे घनफूट उचलणारी चार गिऱ्हाइकं हेच मागू लागली, तर तो आरा गिरणीवाल्याला विचारेल, आणि गिरणीवाला चिराई होताच खडूने का होईना, प्रत्येक फळीच्या टोकावर तो क्रमांक उतरवून ठेवेल. भावाने अजून हो म्हटलेलं नाही. मी विचारणं थांबवलेलं नाही.