'चेरींना तिसऱ्याच दिवशी बुरशी' या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. आणलेली फळं टाकून द्यावी लागली की जीव चरफडतो, त्यामुळे एकच तारा दिलात याचा राग नाही. पण तुमचं वाचून बाकीचे ग्राहकही तसंच करतील, म्हणून उत्तर इथेच देतो.

तुम्ही लिहिलंय की चेरी घरी येताच देठं खुडून स्वच्छ धुतल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या आणि तिसऱ्या दिवशी बुरशी आली. तुमच्या फोटोत झाकणाला आतून थेंब लटकलेले दिसतात आणि बुरशीचा पुंजका बरोबर देठाच्या खळग्यात आहे. देठ ओढला की तिथली साल फाटते, रस पाझरतो, आणि धुतल्याचं पाणीही तिथेच साचतं. बुरशीला आणखी काय हवं! देठ राहू द्या. धुवायच्या त्या खायच्या वेळी, तेवढ्याच. आल्याबरोबर फक्त ताटात पसरून फुटलेल्या, मऊ पडलेल्या वेगळ्या काढा आणि आधी त्या संपवा. बाकीच्या पसरट डब्यात कागदी रुमाल घालून, झाकण जरा सैल ठेवून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. चेरीला शून्य अंशाच्या आसपासचा गारवा मानवतो. घरच्या फ्रिजमध्ये ४ अंशांवरही चांगलं फळ साधारण आठवडाभर टिकतं.

'निम्म्या पिवळट, कच्च्या' हे मात्र मान्य नाही. ती रेनियर जात आहे, डब्यावर नावही आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९५२ साली बिंग आणि व्हॅन या दोन गडद जातींच्या संकरातून ती तयार झाली. पूर्ण पिकली तरी पिवळीच राहते, वर लाली चढते, आणि गोडीला भल्याभल्या काळ्या चेरींना मागे टाकते. साल नाजूक असल्यामुळे हाताळल्याचे तपकिरी डाग तिच्यावर लगेच उठून दिसतात, एवढंच.

त्या 'पिकाव्यात' म्हणून तुम्ही दोन दिवस ओट्यावर ठेवल्यात. केळी घरात पिकतात, चेरी नाही. झाडावरून उतरली की तिची गोडी वाढत नाही. बाहेर ठेवून ती फक्त सुकते आणि मऊ पडते. फार गार खाल्ली तर चव दबते, म्हणून खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, ते पुरे.

फुटलेल्या फळांचा फोटो माल पोचल्याच्या दिवशी आला तर आम्ही बदलून देतो. तुमचा तिसऱ्या दिवशी आला, तोही धुऊन ठेवलेल्यांचा, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत.

बुरशी आलेल्या आणि त्यांना चिकटलेल्या मऊ चेरी टाकून द्या. ज्या अजून घट्ट आहेत त्या धुऊन, कोरड्या करून, बिया काढून ताटात सुट्या पसरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झाल्या की पिशवीत भरा, गोळा होणार नाही. बिया काढताना जुने कपडे घाला. हा डाग सहजासहजी निघत नाही. मिक्सरला लावण्याआधी एकही बी राहिली नाही ना, हे बोटांनी चाचपून बघा.