पुंगळी काढली म्हणून बुलेट जास्त पळत नसती

नवीन बुलेट घरी आली की आठवड्याभरात सायलेन्सर खोलून पुंगळी, म्हणजे आतली आवाज दाबणारी नळी, बाहेर, हे आता ठरलेलंच झालंय. आधी निदान गॅरेजवाल्याकडं तरी जायचे, आता यूट्यूब बघून अंगणातच ग्राइंडर घेऊन बसतेत. कशाला विचारलं तर म्हणतेत काका पिकअप वाढतो.

अरे काय वाढतो? सायलेन्सरमधी कप्पे असतेत, भोकं पाडलेल्या नळ्या असतेत, आवाजाच्या लाटा त्यात आपटून एकमेकींना मारतेत. पाईपची लांबी, एअर फिल्टर, पेट्रोलचं सेटिंग हे सगळं कंपनीनं एकमेकाला धरून बसवलेलं असतं, त्यातलं एकच उपटलं तर खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, गाडी उलट ओढत नाही. नुसता आवाज वाढला म्हणून पळाल्यासारखी वाटती.

अन् एप्रिल २०२० नंतरची बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातली गाडी असंल तर आधी जरा थांबा. तिच्या एक्झॉस्टमधी धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असल्या महागाच्या धातूंचा मुलामा. पोरं तिलाच अडगळ समजून छन्नीनं फोडतेत! पुढं ऑक्सिजन सेन्सर असतो, घरी खोललेला जॉइंट नीट बसला नाही अन् हवा आत शिरली की त्याला वाटतं पेट्रोल कमी पडायलंय, मग ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, अजून पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज गेलं. अन् चालत्या गाडीत किल स्विच बंद-चालू करून जे फटाके फोडतेत ना, ते न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमधी जाऊन भडकलेलं असतं. सध्याच्या भावात पेट्रोलचे फटाके, घ्या.

आमच्या लातूरच्या ट्यूशन एरियात एकदा रात्री अकराला उभं राहून बघा, मेडिकलच्या नीट परीक्षेची लेकरं खोलीत वाचत बसलेली अन् खालून हे धडाधडा चाललेत. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८० डेसिबलची मर्यादा हाय, कंपनीची बुलेट त्यात पास होऊनच बाहेर येती. त्यामुळं "साहेब बुलेटचा आवाजच तसा असतो" हे चौकात सांगू नका. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होती, थोडासाच वाढला असं काही नसतं. मला स्वतःला बुलेटची ओरिजनल डुगडुग लई आवडती, म्हणूनच जास्त राग येतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) बघा, पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन ३ महिने गेलं. पण खरं सांगू का, पोलिसांनी सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो, इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन असले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर सगळे दुकानाबाहेर राजरोस टांगलेले असतेत त्याचं काय? पोरगं दंड भरतं, बाप गाडी सोडवून आणतो, दुकानदार दुसऱ्या दिवशी तोच माल दुसऱ्याला बसवतो. रोडरोलर आधी तिकडं न्या की.

हां, सायलेन्सर सडून आवाज वाढला असंल तर ती गोष्ट वेगळी. पेट्रोल जळताना पाणीबी तयार होतं, गाडी नुसती गल्लीतल्या गल्लीत फिरवली तर सायलेन्सर तापत नाही अन् ते पाणी आतच राहून पत्रा गंजतो. तेवढं भोक वेल्डिंग मारून बुजवून घ्या, फक्त त्याच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढायला सांगा, नाहीतर ईसीयू उडायचा.