‘टाके उसवतील’ म्हणणाऱ्या मेसेजला एका डॉक्टरणीचं उत्तर

गेल्या महिनाभरात तीन गरोदर बायकांनी तपासणीला आल्यावर मला एकच मेसेज दाखवला. थोडक्यात तो असा: “एकदा सिझर झालं की पुढचं बाळंतपण सिझरच. नॉर्मलचा हट्ट धरला तर कळांमध्ये आतले टाके उसवतात आणि आई-बाळ दोघंही हातचे जातात. तारीख ठरवून सिझर केलं तर काहीच धोका नाही. डॉक्टर ‘वाट बघू’ म्हणाले तर डॉक्टर बदला.” तिघींपैकी दोघींचं पहिलं बाळ पायाळू होतं, म्हणून सिझर करावं लागलं. या खेपेला दोघींच्याही बाळाचं डोकं खाली आहे. ज्या कारणासाठी तेव्हा शस्त्रक्रिया झाली ते कारणच आता उरलेलं नाही, तरी दोघी रात्र रात्र जागतात.

“एकदा सिझर, कायम सिझर” हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांचं, 1916 सालचं. तेव्हा गर्भपिशवीच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत. कळांचा सगळा जोर त्याच भागावर येतो, त्यामुळे तो व्रण फाटण्याची भीती खरीच मोठी होती. आता बहुतेक वेळा खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेतात. क्रेगिन यांनी त्याच लेखात आपल्या एका रुग्णाला सिझरनंतर तीन मुलं सुखरूप नॉर्मल झाल्याचंही लिहिलं होतं. त्यांचा खरा रोख पहिलं सिझर विचार करून करा, यावर होता. शंभर वर्षांत वाक्य तेवढं उरलं, बाकीचं गळून गेलं.

पोटावरचा टाका आडवा आहे म्हणजे पिशवीवरचाही आडवाच असेल, असं मात्र धरून चालू नका. ते पहिल्या बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, आणि कार्डही तिथल्याच कपाटात. ते शोधून आणा. उभा छेद असेल, किंवा पूर्वी पिशवी फाटलेली असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करायचाच नाही.

आता टाके उसवण्याचं. आतले टाके काही महिन्यांत विरघळून जातात, राहतो तो व्रण. कळांमध्ये तो व्रण फाटू शकतो, हे खरं आहे आणि मी ते कुणापासून लपवत नाही. प्रश्न आहे किती वेळा. अमेरिकेतल्या 19 रुग्णालयांतला एक मोठा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ 18,000 बायकांनी सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला होता. त्यांतल्या 73 टक्के नॉर्मल बाळंत झाल्या. पिशवी फाटली 124 जणींची, म्हणजे हजारात सात. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणांत या फाटण्यामुळे सात बाळांच्या मेंदूला प्राणवायू कमी पडून इजा झाली, त्यांतली दोन दगावली. त्या घरांसाठी आकडा लहान नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण “दोघंही हातचे जातात” हे वाक्य या आकड्यांशी कुठेच जुळत नाही.

हा धोका सगळ्यांना सारखाही नसतो. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालं असेल तर यशाची शक्यता 85 टक्क्यांच्या वर जाते. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर फाटण्याचा धोका वाढतो. औषधाने कळा आणल्या तरी वाढतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी तर जुना व्रण असलेल्या बाईला पूर्ण दिवसांत कळा आणायला देऊच नये. प्रयत्न फसून घाईत सिझर करावं लागलं तर ते ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचं ठरतं, हेही आधी सांगायला हवं.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य माझ्या मते तिसरं आहे: “तारीख ठरवून केलं तर काहीच धोका नाही.” मुहूर्तासाठी 39 आठवड्यांच्या आधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. पण मला काळजी त्याहून पुढच्या गोष्टीची असते. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, जुन्या व्रणावर रुजली तर ती पिशवीच्या भिंतीत घुसून चिकटते. 2006 च्या एका अमेरिकी अभ्यासात, वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असलेल्या बायकांमध्ये ती अशी चिकटण्याचं प्रमाण पहिल्या सिझरला 3 टक्के, दुसऱ्याला 11 आणि तिसऱ्याला 40 टक्के निघालं. अशा वेळी रक्ताच्या बाटल्या लागत राहतात आणि अनेकदा पिशवी काढावी लागते. जिला अजून मुलं हवी आहेत तिने दुसरं सिझर ठरवताना हे ऐकलेलं असायलाच हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 25.4 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत. म्हणजे हा व्रण घेऊन पुढच्या खेपेला उभ्या राहणाऱ्या बायका घरोघरी आहेत.

राहिलं डॉक्टर बदलण्याचं. “वाट बघू” म्हणणारा डॉक्टर जुगार खेळत नसतो. कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके सतत बघायचे, थिएटर तयार ठेवायचं, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी ठेवायचं, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. ठोके बिघडणं ही पिशवी फाटण्याची बहुतेक वेळा पहिली खूण असते. आणि ज्या दवाखान्यात रात्री भूलतज्ज्ञ फोन केल्यावर दुसऱ्या गावाहून येतो, तिथला डॉक्टर “माझ्याकडे नको” म्हणाला तर त्याला पैशाचा लोभी ठरवू नका. तो खरं सांगतोय. त्याच्याकडून सातव्या महिन्यातच मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या. कळा सुरू झाल्यावर गाडी शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

तिसऱ्या बाईला मी स्वतःच सिझर सुचवलं. पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ कित्येक तास अडकून राहिलं होतं, हे बाळ त्याहून मोठं दिसतंय, आणि दोन बाळंतपणांत जेमतेम चौदा महिन्यांचं अंतर पडतंय. 39 आठवडे भरल्यावरची तारीख आम्ही दोघींनी मिळून ठरवली. पायाळू बाळवाल्या दोघींपैकी एकीच्या कार्डावर आडवा छेद स्वच्छ लिहिलेला आहे. दुसरीचं कार्ड माहेरी राहिलंय, तिचा भाऊ रविवारी ते घेऊन येणार आहे.