झेनसारखी बॉडी हवीय? आधी आजीच्या पोटऱ्या बघून घे

तर भावा, तुला फ्रँक झेनसारखी बॉडी पाहिजे. आजकालच्या त्या पोट पुढे आलेल्या राक्षसांसारखी नको, जुनी, क्लासिक, रुंद खांदे, चिमटीत मावेल अशी कंबर, हात डोक्यामागे नि पोट आत खेचून बरगड्यांखाली गायब. चॉइस एक नंबर. झेन म्हणजे गणिताचा मास्तर, स्टेजवर ८४ किलोच्या आसपास, १९७७ ते ७९ सलग तीनदा मिस्टर ऑलिम्पिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगचा सगळ्यात मोठा किताब, आणि त्याच्याही आधी १९६८ ला मायामीत कोवळ्या अर्नोल्ड श्वार्झनेगरला हरवलेला. ८४ किलो फक्त! तू आत्ताच ८६ आहेस. म्हणजे दोनच किलो कमी करायचेत, झालंच की.

आता कामाला लागू. पण सुरुवात जिमपासून नाही करायची, सुरुवात करायची तुझ्या आजोबांचं लग्न ठरत होतं तिथपासून. तिथे मोठा घोळ झालाय. लोकांनी पत्रिका बघितली, गोत्र बघितलं, मुलीला सुईत दोरा ओवता येतो का ते बघितलं, पण पोटरीचा मसल टाचेच्या किती जवळ येतो हे एकाही शहाण्याने बघितलं नाही. मग भोगा आता. कारण मसल हाडाला कुठे चिकटणार, त्याचा मांसल भाग किती लांब नि पुढची नुसती दोरी किती लांब, खांद्याचं हाड किती रुंद, हे सगळं तू जन्मायच्या आधी ठरून गेलंय, आणि त्यासाठी कुठल्याही जिममध्ये मशीन नाही. माझ्या पोटऱ्या वडलांकडून आल्या, वडलांना आजीकडून, आमच्या अख्ख्या खानदानात पोटरी नाही, गुडघ्याखाली डायरेक्ट घोटा. बारा वर्षं काफ रेझ मारतोय, म्हणजे टाचा वर-खाली, वर-खाली. घोटा मजबूत झालाय.

१९६५ ची पहिलीवहिली मिस्टर ऑलिम्पिया जिंकली लॅरी स्कॉटने. त्याचे खांदे मुळात अरुंद, पण बायसेप असा की थेट कोपरापर्यंत भरलेला. तो ज्या उतरत्या फळीवर कर्ल मारायचा त्याला लोक अजून स्कॉट बेंच म्हणतात, आणि जगभरची पोरं त्या फळीवर छाती टेकवून मरतायत की आपला पण बायसेप खाली उतरेल. नाही उतरत रे. हात वाकवून बघ, बायसेप नि कोपराच्या मधे दोन बोटं बसत असतील तर ती बोटं शेवटपर्यंत बसणार. फळीचा काही दोष नाही.

बरं ही झाली रचना, वाढीचं काय? २००५ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, ५८५ माणसं, बारा आठवडे, सगळ्यांना एकाच हाताचा, सारखाच व्यायाम. काहींचा मसल ५९ टक्क्यांपर्यंत वाढला आणि काहींचा, नीट वाच, दोन टक्के कमी झाला. तीन महिने इमानदारीत डंबेल उचलून हात बारीक! त्या बिचाऱ्याला त्याच्या ट्रेनरने काय सांगितलं असेल ते मी तुला सांगू शकतो, "भावा, प्रोटीन कमी पडतंय."

आता औषधं. इथे पहिला नियम, आपल्या हिरोच्या काळात औषधं नव्हतीच असं ठामपणे सांगायचं. माझ्या पहिल्या जिममध्ये (नाव नको, अजून फी थकलीय) आरशाच्या वर अर्नोल्डचा पोस्टर होता आणि आमचे सर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हा काळ वेगळा, दूध, अंडी, मेहनत, आजच्यासारखं इंजेक्शन-बिंजेक्शन नाही. आता सरांना कोण सांगणार की डायनाबॉल नावाची स्टेरॉइडची, म्हणजे मसल वाढवणारी गोळी सीबा कंपनीने अमेरिकेत १९५८ लाच आणली, पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या वेटलिफ्टरांना ती डॉक्टर झीगलरने दिली, आणि तेव्हा अर्नोल्ड ऑस्ट्रियात अकरा वर्षांचा होता. म्हणजे तो जिमची पायरी चढेपर्यंत गोळी आधीच येऊन बसलेली. अर्नोल्डने स्वतः नंतर उघड कबूल केलंय की स्टेरॉइड घेतलं, तेव्हा ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर रीतसर मिळायचं, अमेरिकेत त्यावर कडक कायदा आला तो १९९० ला. माणूस स्वतः सांगतोय आणि आपण म्हणतोय नाही हो, तुम्ही उगाच विनय करताय.

शंभर टक्के बिनगोळीचा पाहिजे तर अजून मागे जा, यूजेन सँडोकडे, बॉडीबिल्डिंगचा बाप म्हणतात त्याला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, प्रयोगशाळेत बनलं १९३५ ला आणि हा गेला १९२५ ला, त्यामुळे बिचाऱ्याला इच्छा असती तरी चान्स नव्हता. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९०१ ला मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली, जजमध्ये शेरलॉक होम्सवाला कॉनन डॉइल, आणि नंतर हिंदुस्थानचा दौरा पण करून गेला. आपल्याकडे त्याची काय आठवण राहिली तर सॅन्डो बनियन. फोटो बघ त्याचे, भारीच आहे, पण तुझ्या भिंतीवर कोण आहे? सँडो नाही. का नाही? बारीक वाटतो ना? बघ म्हणजे, तुझ्या डोळ्याला कळतंय, फक्त तोंडाला कबूल करायचं नाहीये.

आणि ती बारीक कंबर, ज्याला आपण कला कला म्हणतो, तिच्यात कला आहेच, झेन पोट आत खेचायची प्रॅक्टिस करायचा, जज लोकांना पण तेच आवडायचं. पण थोडा वाटा त्या काळच्या मेडिकलमधल्या स्टॉकचा पण धर, आजची पोटं ज्यांनी फुगवली म्हणतात ती औषधं तेव्हा धड मिळतच नव्हती. फॅक्टरीत बनलेलं ग्रोथ हॉर्मोन बाजारात आलं १९८५ ला. तोपर्यंत ते मेलेल्या माणसांच्या डोक्यातल्या ग्रंथीतून काढायचे, आणि इन्सुलिनचा खेळ बॉडीबिल्डिंगमध्ये रुजला तो नव्वदच्या दशकात. १९९३ ला तेव्हाचा मिस्टर ऑलिम्पिया डोरियन यीट्स स्टेजवर आला तो ११६ किलोच्या वर. झेनपेक्षा उंचीने इंचभर जास्त आणि वजनाने एक अख्खा शाळकरी पोरगा जास्त. म्हणजे जुन्यांनी संयम पाळला असं म्हणायला हरकत नाही, दुकानात जे नव्हतं ते त्यांनी अजिबात घेतलं नाही. २०१६ पासून प्रोफेशनल स्टेजवर क्लासिक फिजिक म्हणून वेगळी कॅटेगरी आहे, उंचीप्रमाणे वजनाची लिमिट. वजनकाट्यावर उभं करतात. बाटलीत काय आहे ते काटा विचारत नाही.

ट्रेनिंगचं म्हणशील तर ते सगळ्यात सोपं, कारण मासिकात सगळं छापलेलं असायचं. अर्नोल्डचं बघ, आठवड्याला सहा दिवस, दिवसातून दोनदा, एकेका मसलला वीस-वीस सेट. पटलं? आता माइक मेंट्झरचं बघ, थोडेच सेट, पण मरेपर्यंत, आणि मग घरी जाऊन झोप, जास्त केलंस तर वाढ थांबेल. १९७८ च्या मिस्टर युनिव्हर्समध्ये याला पैकीच्या पैकी मार्क. १९८० ला सिडनीत दोघं एकाच स्टेजवर, आपसात वाजलं पण होतं. आता एक म्हणतो दिवसभर मार, दुसरा म्हणतो मारून लगेच घरी जा, आणि दोघंही दरवाजातून आडवे होऊन आत जातात. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती की या दोघांच्यात कॉमन काहीतरी आहे जे वेळापत्रकात लिहिलेलं नाही. तू शंका घेऊ नकोस. तू सोमवारी अर्नोल्ड कर, गुरुवारी मेंट्झर.

फारच घाई असेल तर कोलोरॅडो पॅटर्न आहे. १९७३ ला नॉटिलस मशीनवाल्या आर्थर जोन्सने जाहीर केलं की केसी व्हायेटरने २८ दिवसात ६३ पौंड, म्हणजे २८ किलोच्या वर मसल कमावला. युनिव्हर्सिटीत, मोजून-मापून. बारीक अक्षरातलं वाचायचं नसतं पण तू वाचणारच म्हणून सांगतो, हा केसी १९ व्या वर्षी मिस्टर अमेरिका झालेला प्राणी, मधे अपघात आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन यात वजन घालवून बसलेला, म्हणजे गेलेला माल परत गोडाऊनला आणला. आणि मशीन कोण विकत होतं ते वर लिहिलंच आहे. तुला हा कोर्स करायचा तर आधी मिस्टर अमेरिका हो, मग आजारी पड, मग फोन कर.

खरा चिडवणारा आकडा मात्र १९९६ चा आहे. डॉक्टर शलेंदर भसीन आणि मंडळींनी ४३ धडधाकट पुरुष घेतले, दहा आठवडे, काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, काहींना नुसतंच खोटं इंजेक्शन. खोटं इंजेक्शन घेऊन घाम गाळणाऱ्यांचं चरबी सोडून वजन साधारण २ किलो वाढलं. खरं इंजेक्शन घेऊन व्यायामच न करणाऱ्यांचं ३ किलोच्या वर. आणि दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलो. नुसता बसून राहिलेला माणूस पुढे रे! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेग डे होता, जिना चढता येत नव्हता, खालीच बसलो.

पण तुला भांडायला हे तीनही मुद्दे वेगवेगळेच लागणार. ज्याला जिमला जायचं नाही त्याने म्हणायचं सगळा औषधांचा खेळ आहे. ज्याला प्रोटीनचा डबा विकायचाय त्याने म्हणायचं सगळी मेहनत आहे. आणि ज्याने दहा वर्षं घालवलीत (नमस्कार, मीच तो) त्याने म्हणायचं जेनेटिक्स. तिन्ही एकमेकांना गुणतात हे कोणी बोललं की त्याला ग्रुपमधून काढायचं, कारण गुणाकारात आपला एक आकडा शून्याजवळ असला की काय होतं ते झेन मास्तरांनी वर्गात शिकवलं असणार.

बाकी किरकोळ. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की डोकं आतली फॅक्टरी बंद करतं, गोट्या आक्रसतात, शुक्राणू जातात, जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हॉर्मोन, करून टाकतं आणि छातीला गायनो येतो, म्हणजे बायकांसारखी छाती फुगते, गोळ्या लिव्हरला लागतात, चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं, हृदयाची भिंत जाड होते. म्हणजे हृदय पण मसलच, त्याचं पण बल्किंग. अर्नोल्डचं हृदयाचं ऑपरेशन १९९७ ला झालं, पण तो व्हॉल्व्हचा दोष जन्मजात होता असं त्याने सांगितलंय, घे, तिथेही जेनेटिक्स. मेंट्झर २००१ ला गेला, ४९ व्या वर्षी. पोस्टरवर हे येत नाही, पोस्टरला जागा कमी असते.

तर डबा घेऊन टाक, सर म्हणतायत पुढच्या महिन्यात रेट वाढणार आहे. पहिल्या पंपचा (व्यायामानंतर मसल फुगतो तो) फोटो काढ, ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर, थोडं खोबरेल लाव, खाली लिही "ओन्ली दूध, अंडी, मेहनत", आणि सॅन्डो बनियन एक साइज लहान घे.